मायना

"तू शिकारीसाठी लावलेल्या फासात एक रानडुक्कर पडलं. ते तिथं अडकलेलं असताना मी ते सोडवून घेऊन गेलो. मी तुझं डुक्कर नेलं, असं तुला वाटतं का?"

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न रोममधल्या प्रोक्युलस नावाच्या कायदेपंडितापुढे आला. त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. आधी चौकशी मांडली. फास सार्वजनिक जागेत होता की खासगी? खासगी असेल तर स्वतःच्या जमिनीत की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या असेल तर त्याला विचारून लावला होता की न विचारता? आणि डुक्कर इतकं पक्कं गुंतलं होतं का, की स्वतःहून सुटलंच नसतं? की आणखी थोडी धडपड केली असती तर निसटलं असतं? मग शेवटी तो, फास लावणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून, म्हणतो, सगळ्याचं सार माझ्या मते एवढंच, की ते माझ्या ताब्यात आलं असेल तर ते माझं झालं. आणि असं माझं झालेलं डुक्कर तू रानात सोडून दिलंस, तर माझ्या नुकसानीबद्दल मला दावा मिळायला हवा. कुणीतरी दुसऱ्याचा प्याला जहाजावरून समुद्रात फेकला होता, तेव्हाही असंच उत्तर दिलं गेलं होतं.

हा मजकूर ज्या ग्रंथात टिकून राहिला, त्या 'डायजेस्ट' नावाच्या रोमन कायद्याच्या संग्रहात प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर तो कुठून घेतला ते लिहिलेलं असतं. इथं लिहिलंय: प्रोक्युलस, पत्रे, भाग दुसरा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आप्पांचा आवाज ऐकू आला.

आप्पा तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करायचे. १९८६ साली सनद मिळाल्यावर मी त्यांच्या हाताखाली काम करू लागले. पक्षकार लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरून यायचे, पण प्रत्येक शंकेसाठी एसटीचं भाडं खर्चून येणं कुणाला परवडत नव्हतं. मग पत्रं यायची. पोस्टकार्डं, आंतर्देशीय, क्वचित वहीचं फाडलेलं पान पाकिटात घालून. बांध कोरला, विहिरीतला हिस्सा, बहिणीचं हक्कसोडपत्र, चुलत्यानं करून घेतलेला फेरफार. आप्पा प्रत्येकाला लेखी उत्तर द्यायचे. ते सांगायचे, मी कार्बन घालून लिहायचे, आणि त्यांची उत्तरंही आधी प्रश्नच असायची. मोजणी झालीय का? बांधावरचं झाड कुणी लावलं? पाणी बारमाही आहे की उन्हाळ्यात आटतं?

आप्पांना कायद्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. डोकं मात्र सतत त्या पत्रांत.

रोमचा कायदा म्हटलं की डोळ्यांपुढे येतात दगडी खांब, सिनेट आणि करारी चेहऱ्यांचे पुतळे. पण तिथं रोजचा न्याय चालायचा तो मुख्यतः न वकील, न कायद्याचे पदवीधर अशा माणसांच्या हातून. दाव्याचा निकाल देणारा न्यायाधीश हा बहुधा एक प्रतिष्ठित नागरिक असे, त्या एका प्रकरणापुरता नेमलेला. कायद्याची बारकाई त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती ठाऊक असे कायदेपंडितांना. ते निकाल देत नसत, फी घेत नसत, विचारलं की मत देत. या मत देण्याचं वजन हळूहळू इतकं वाढलं की ते कायद्याचा एक उगम बनलं.

पॉम्पोनियस नावाचा दुसऱ्या शतकातला पंडित याचा इतिहास सांगतो. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या आधी ज्याला स्वतःच्या विद्येचा भरवसा होता तो मत देई. मतावर मोहोर असावीच असं नव्हतं. बहुतेक वेळा पंडित स्वतःच न्यायाधीशाला पत्र लिहीत, नाहीतर ज्यानं विचारलं तोच कोर्टात सांगे की मला असं असं सांगितलं. ऑगस्टसनं ठरवलं की काही पंडितांनी सम्राटाच्या अधिकारानं मत द्यावं. तिथून मोहोरबंद मतांचा काळ सुरू झाला. याच संदर्भात पॉम्पोनियस मासुरियस सॅबिनसबद्दल सांगतो. हा माणूस जवळजवळ पन्नाशीत सरदारवर्गात दाखल झाला. पैसा फारसा नव्हता, शिष्यच बरंचसं त्याचं घर चालवत. सम्राट टायबेरियसनं त्याला मत देण्याचा अधिकार दिला. पुढे सम्राट हेड्रियनकडे काही प्रतिष्ठित मंडळी हाच अधिकार मागायला गेली, तेव्हा त्यानं कळवलं की ही मागायची गोष्ट नाही, करायची आहे. ज्याला स्वतःवर विश्वास असेल त्यानं लोकांना उत्तर द्यायची तयारी करावी, आपल्याला आनंदच होईल. मला हे उत्तर फार आवडतं.

पंडितांनी आपली पत्रं गोळा करून ग्रंथ केले. लाबिओचा होता, प्रोक्युलसचा होता, याव्होलेनसचा तर चौदा भागांचा. मूळ ग्रंथ सगळे गेले. उरलं ते सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून ट्रिबोनियन आणि त्याच्या मंडळानं तीन वर्षांत कातरून जमवलेलं, ५३३ साली प्रसिद्ध झालेलं डायजेस्ट. पन्नास भाग. त्यांनीच दिलेल्या हिशेबाप्रमाणे तीस लाख ओळींच्या दीड लाख केल्या. गाळायची, बदलायची त्यांना मुभा होती, आणि एवढ्या कापाकापीत पहिल्यांदा काय जाणार ते उघड आहे. पत्राचा मायना.

मीही तेच केलं होतं. दुसऱ्या वर्षी आप्पांनी एक जाड रजिस्टर आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "या कार्बन प्रतींचा ढीग झालाय. कामाचं तेवढं उतरवून घे." कामाचं काय, ते मी ठरवलं. 'स. न. वि. वि.' गाळलं. नाव, गाव गाळलं. पाऊसपाण्याची चौकशी गाळली. 'आपले पत्र पावले, मजकूर समजला' हे गाळलं. सुबक अक्षरात फक्त मुद्दा: 'सामाईक विहिरीत एकाने खोली वाढवल्यास...' तीनशेच्या वर नोंदी झाल्या. मला त्या कामाचा अभिमान होता. प्रती नंतर रद्दीत गेल्या. आलेली पत्रं तर त्याआधीच गेली होती.

डायजेस्टमध्ये मात्र कुठंकुठं मायना चुकून, किंवा ट्रिबोनियनच्या मंडळातल्या कुणाचा हात कचरल्यामुळे, राहून गेलाय. तिथं मी नेहमी थांबते.

"नेपोसचा आपल्या प्रोक्युलसला नमस्कार." नेपोस विचारतो: एका बापानं जावयाला वचन दिलं, 'सवड होईल तेव्हा माझ्या मुलीच्या हुंड्याची शंभर सोन्याची नाणी तुला मिळतील.' लग्न लागताक्षणी जावई मागू शकतो का? आणि 'जमेल तेव्हा देईन' असं म्हटलं असेल तर? तिथं हुंडा कायद्यानं मान्य होता, त्याचे स्वतंत्र दावे होते. आपल्या पोटात त्या शब्दानं जी कळ येते ती बाजूला ठेवून हे वाचावं लागतं. प्रोक्युलस सांगतो की काय ठरलं होतं ते पाहून अर्थ लावावा. माणूस संदिग्ध बोलतो तेव्हा त्या शब्दांच्या अर्थांपैकी जो त्याच्या मनात असतो तोच तो बोलत असतो. 'जमेल तेव्हा' म्हणजे, त्याला वाटतं, कर्ज वजा जाता जमेल तेव्हा. किंवा माझी प्रतिष्ठा राखून जमेल तेव्हा. आणि 'सवड होईल तेव्हा' असं म्हटलं असेल तर हा दुसरा अर्थ जास्तच धरायला हवा.

प्रतिष्ठा राखून. देणेकऱ्याच्या अब्रूचा असा विचार मी कायद्याच्या पुस्तकात क्वचित वाचलाय. आप्पांच्या पत्रांत वाचला होता.

आणखी एका उताऱ्यात प्रोक्युलसच लिहितो, 'नेपोसला नमस्कार'. पण लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ नातू असाही होतो, त्यामुळे तो मायना 'आपल्या नातवास' असाही वाचता येतो. प्रश्न साधा आहे. एका माणसाच्या मृत्युपत्राच्या एकाच वेळी केलेल्या दोन प्रती निघाल्या. एकीत टिटियसला शंभर नाणी, दुसरीत पन्नास. त्याला दीडशे मिळतील की शंभरच? उत्तर: पन्नास. अशा वेळी वारसाला जास्त सांभाळून घ्यायला हवं. नमस्काराची ती ओळ गाळली असती तर हा एक कोरडा नियम उरला असता. ओळ राहिल्यामुळे कुणीतरी म्हातारा, कदाचित नातवाला, समजावून सांगताना दिसतो.

सगळेच प्रेमळ नव्हते. दोमितियस लाबिओ नावाच्या माणसानं युवेन्तियस केल्सस या कायदेपंडिताला लिहिलं: ज्याला बोलावून मृत्युपत्र लिहून घेतलं, त्यानंच त्यावर शिक्काही मारला, तर त्याला साक्षीदारांत धरायचं का? केल्ससनं आधी रीतसर नमस्कार लिहिला आणि पुढे म्हटलं: तू कशाबद्दल विचारतोयस ते एक तर मला कळत नाही, नाहीतर तुझा प्रश्न ठार मूर्खपणाचा आहे; मृत्युपत्र लिहिलं म्हणून साक्षीदार होता येईल का अशी शंका घेणं हास्यास्पदाच्याही पलीकडचं आहे. कायदा म्हणजे चांगलं आणि न्याय्य यांची कला, ही व्याख्याही याच केल्ससची. पुढच्या शतकांत मूर्ख प्रश्नाला 'दोमितियसचा प्रश्न' म्हणायची युरोपातल्या कायदेपंडितांत रीत पडली.

मला दोमितियसची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्या शंकेला आधार होता. दुसऱ्याचं मृत्युपत्र लिहिताना स्वतःला काही लिहून घेणाऱ्याला रोममध्ये शिक्षा होती, म्हणजे लेखणी धरणाऱ्या हाताकडे संशयानं पाहिलंच जात होतं. आणि आपल्या कोर्टांत हा प्रश्न अजून जिवंत आहे. आपल्याकडे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दस्तलेखकानं शेवटी सही केलेली असते. ती केवळ लेखक म्हणून की साक्ष म्हणूनही, यावर मी स्वतः दोन वेळा दिवसभर उलटतपास घेतलाय. केल्सससारख्या हुशार माणसानं त्या दिवशी थोडं थांबून 'असं का विचारतोस?' म्हणायला हवं होतं.

सिसेरो, रोमचा गाजलेला वक्ता, थांबला होता. त्याचा मित्र ट्रेबेशियस टेस्टा कायदेपंडित. एका संध्याकाळी दोघं प्यायला बसले असताना सिसेरो म्हणाला की आधी घडलेल्या चोरीबद्दल वारसाला चोरीचा दावा करता येतो का, यावर मतभेद आहेत. ट्रेबेशियसनं त्याची चेष्टा केली, असं कुणीच मानत नाही म्हणाला. सिसेरो रात्री उशिरा, बऱ्यापैकी पिऊन घरी गेला. तरीही त्यानं पुस्तक काढलं, जिथं हा वाद आहे ते प्रकरण शोधलं, उतरवून घेतलं आणि ट्रेबेशियसला पाठवलं: कुणीच मानत नाही असं तू म्हणालास ते सेक्स्टस एलियस, मानियस मनिलियस आणि मार्कस ब्रूटस मानत होते. आणि मग शेवटी: मी मात्र स्कॅव्होलाशी आणि टेस्टाशी सहमत आहे. टेस्टा म्हणजे खुद्द ट्रेबेशियसच. रात्रभर मित्राला चूक दाखवायला पुरावा शोधायचा आणि शेवटी सांगायचं, पण मत तुझंच बरोबर. हे केवळ पत्रातच होऊ शकतं.

पुढे पंडितांच्या जागी सम्राट आले. अधिकाऱ्यांना आणि नगरांना सम्राट पत्रं पाठवी. सामान्य माणसाच्या अर्जाला त्याच अर्जाखाली चार ओळींत उत्तर मिळे. सम्राटानं पत्रानं ठरवलं तो कायदा, असं गायस या कायदेपंडितानं विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलंय. याचा चटका बसतो तो प्लिनी आणि सम्राट ट्राजन यांच्या पत्रांत, कारण तिथं प्रश्न आणि उत्तर दोन्ही शाबूत आहेत.

इ. स. ११० च्या सुमारास प्लिनी बिथिनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडचा, सुभेदार होता. त्याच्यापुढे उघड्यावर टाकून दिलेल्या मुलांचा प्रश्न आला. जन्मानं स्वतंत्र, पण कुणीतरी उचलून गुलाम म्हणून वाढवलेली. त्यांना स्वातंत्र्य मागता येईल का? आणि वाढवणाऱ्यानं खाऊपिऊ घातल्याचा खर्च त्यांनी भरायचा का? प्लिनी लिहितो की आपल्यापुढे ऑगस्टसचा म्हणून एक हुकूम वाचला गेला, व्हेस्पेशियन, टायटस, डोमिशियन यांची स्पार्टाच्या लोकांना आणि इतरांना लिहिलेली पत्रंही. पण मी ती तुम्हाला पाठवत नाही. त्यांच्या नकला नीट नाहीत, काहींच्या खरेपणाची खात्री नाही, आणि अस्सल तुमच्या दप्तरात असतीलच.

ट्राजन दप्तर शोधायला लावतो. उत्तर येतं: सगळ्या प्रांतांना लागू होईल असं आधीच्या सम्राटांच्या कागदांत काही सापडत नाही. डोमिशियनची दोन सुभेदारांना पत्रं आहेत, पण ती ज्या प्रांतांबद्दल आहेत त्यांत बिथिनिया नाही. म्हणून माझं मत असं, की जे स्वातंत्र्य मागतील त्यांचा दावा नाकारू नये, आणि खाण्याच्या खर्चाची किंमत मोजून त्यांना स्वातंत्र्य विकत घ्यायला लावू नये.

जगाच्या मालकानं कुणाची तरी जुनी पत्रं चाळावीत, 'हे तुमच्या गावाला लागू नाही' असं मोकळेपणानं सांगावं आणि मग स्वतःच्या मनानं असं वाक्य लिहावं. त्या वाक्यानं गुलामगिरी संपली नाही. पण बिथिनियातल्या ज्या मुलाच्या प्रकरणावरून हे सुरू झालं असेल, त्याच्या डोक्यावरचं जन्मभराच्या भाकरीचं बिल तरी फाटलं. त्या मुलाचं नाव पत्रात नाही.

जिथं नाव असतं तिथं प्रश्न नसतो. इ. स. २०० च्या मार्चमध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हरस अलेक्झांड्रियात होता. अर्जांची उत्तरं तिथल्या व्यायामशाळेच्या ओवरीत लावली जात. त्यांतली तीन दिवसांतली तेरा उत्तरं कुणीतरी पपायरसवर उतरवून घेतली आणि ती टिकली. उत्तरं तुटक आहेत. अर्ज त्या नकलेत नाहीत. जस्टिनियनच्या दुसऱ्या संग्रहात, म्हणजे कोडेक्समध्ये, सम्राट डायोक्लेशनच्या काळातली अशी उत्तरं शेकड्यांनी आहेत. माथ्यावर नाव, पायथ्याला तारीख, मध्ये निर्णय. कितीतरी नावं बायकांची, काही गुलामांचीही. त्यांना सम्राटाला अर्ज करता येई, आणि उत्तर येई.

त्यातलं एक २८५ सालचं आहे, ऑरेलियस ल्युपसला. "तू किंवा तुझ्या वडिलांनी जास्त मोलाची वस्तू कमी किमतीला विकली असेल, तर माणुसकीला धरून हेच आहे, की घेणाऱ्याचे पैसे परत करून तू जमीन परत घ्यावीस, नाहीतर घेणाऱ्याची इच्छा असेल तर त्यानं योग्य किमतीत जेवढी तूट आहे तेवढी भरून द्यावी." आणि निम्मीही किंमत दिली नसेल तरच ती कमी समजायची. मध्ययुगात युरोपच्या विद्यापीठांनी या उत्तरातून एक अख्खा सिद्धान्त उभा केला, त्यावर शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले. माझं लक्ष मात्र 'तू किंवा तुझ्या वडिलांनी' या शब्दांशी अडतं. नक्की कुणी विकली होती? ल्युपसनं अर्जात स्पष्ट लिहिलं नव्हतं का? की बापानं विकली आणि आता पोराला सल होता? अर्ज नाही. आपल्याकडे कवडीमोलानं गेलेल्या जमिनीबद्दल बोलताना माणसं अशीच बोलतात. आम्ही विकली की वडिलांनी, ते लगेच सांगत नाहीत.

एका गावानं मात्र आपला अर्ज दगडावर कोरून ठेवला. थ्रेस प्रांतातलं, आजच्या बल्गेरियातलं, स्काप्टोपारा. २३८ साली गावकऱ्यांनी आपल्याच गावच्या पिरस नावाच्या सैनिकामार्फत सम्राट गॉर्डियनला अर्ज दिला. गावात गरम पाण्याचे झरे, जवळच पंधरा दिवसांची प्रसिद्ध जत्रा; येणारे शिपाई आणि अधिकारी फुकट मुक्काम ठोकतात, जेवण उकळतात, आम्हाला गाव सोडावं लागेल. अर्ज लांबलचक, ग्रीकमध्ये. सम्राटाचं उत्तर लॅटिनमध्ये, काही ओळींचं, थोडक्यात एवढंच की हे सुभेदाराकडे न्या. हाती फारसं काही लागलं नाही. तरीही त्यांनी सगळं कोरलं, आणि त्यात जास्तीत जास्त जागा स्वतःच्या गाऱ्हाण्याला दिली.

असंच काहीसं आपल्याकडेही छापून ठेवलेलं आहे. मुंबई इलाख्याच्या कोर्टांत १८६४ पर्यंत शास्त्री नेमलेले असत. साहेब न्यायाधीश हिंदू कायद्याचा प्रश्न लिहून पाठवी, शास्त्री आधारासह लेखी उत्तर देत. पद रद्द झाल्यावर रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी ती उत्तरं निवडून १८६७ पासून ग्रंथरूपानं काढली. त्यांनी प्रश्न ठेवले. 'एक मनुष्य मयत झाला, त्यास एक विधवा व एक भाऊ...' अशा धाटणीचे. खाली नगर, सुरत, पुणे असं ठिकाण आणि तारीख. माणसांची नावं तेवढी नाहीत. ल्युपसच्या बरोबर उलट. मी तो ग्रंथ पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कायदा बाजूला ठेवून नुसते प्रश्नच वाचत गेले होते.

आप्पांचं रजिस्टर माझ्याकडे आहे. परवा एका प्रकरणासाठी ते उघडलं. विहिरीच्या खोलीबद्दलची नोंद सापडली, पण ती सामाईक विहीर वाटणीआधीची होती की नंतरची, ते नोंदीत नाही, आणि त्याशिवाय ते मत मला वापरता येत नाही. आप्पांनी ते विचारलं असणारच. उत्तरात लिहिलंही असणार, बहुधा दुसऱ्याच ओळीत, जिथं मी 'मजकूर समजला' म्हणून गाळायला सुरुवात करत असे.

चाळता चाळता २१४ क्रमांकाची नोंद दिसली. त्यात मुद्दा असा काहीच नाही. आप्पांनी मूळ प्रतीत निळ्या पेन्सिलीनं खाली रेघ ओढली होती म्हणून मी ती तशीच्या तशी उतरवली असावी. "होय, तसे करता येईल. मात्र आधी आईस विचारावे."

जमीन विकणं होतं, की वाटणी, की दत्तक, की भावावर दावा? आई हयात हिस्सेदार होती म्हणून विचारायचं होतं, की नुसतं विचारायचं होतं? कार्बन घालून ते पत्र मीच लिहिलं होतं. पाकिटावरचा पत्ताही माझ्याच हातचा.